काचपट्टीवरचा समाज

१९४५ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ पॅथॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक निबंध छापून आला. लेखक दोघे : वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई. भारतात आढळलेले तीन नवे कर्करोग आणि लोकांच्या वहिवाटीशी असलेलं त्यांचं नातं, हा विषय. एक धोतराचा, एक खैनीचा, एक चुट्ट्याचा.

धोतर कमरेला करकचून आवळलं जातं. तीच जागा, तोच काच, बारा महिने तेरा काळ. घाम मुरतो, धूळ अडकते, कातडी आधी काळवंडते, मग तिथला रंग उडतो आणि खवले धरतात. एखादी जखम होते, ती भरतच नाही, आणि पुढे कधीतरी त्याच वळावर रोग उठतो. खैनीवाला चिमूटभर तंबाखू तळहातावर चुन्याशी मळतो, वर दोन थापा मारून धूळ उडवतो आणि खालच्या ओठामागे बार भरतो. त्याचा कर्करोग बरोबर त्या बाराच्या जागी, ओठ आणि हिरडीमधल्या खाचेत. आंध्रच्या किनारपट्टीवरच्या बाया चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, ओढताना पेटतं टोक तोंडाच्या आत धरतात. त्यांच्या टाळूला होतो. टाळूवरचा कर्करोग एरवी फारसा बघायला मिळत नाही. तिन्ही ठिकाणी रोगाने बसायला जागा निवडली ती माणसाच्या रोजच्या सवयीने दाखवलेली. धोतर आता मागे पडलं, तरी हा प्रकार संपलेला नाही. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी कमरेच्या कर्करोगाच्या दोन बायकांची हकीकत छापली : एकीला परकराच्या नाडीचा काच, दुसरीला परकराविना घट्ट नेसलेल्या लुगड्याचा.

आज हे वाचून कुणी म्हणेल, यात एवढं काय? तंबाखूने कॅन्सर होतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं सांगणारे डॉल आणि हिल यांचे, विंडर आणि ग्रॅहम यांचे गाजलेले निबंध १९५० सालचे. खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा छापला तो त्याआधी सहा वर्षं, १९४४ साली. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मात्र लंडन आणि ऑक्सफर्ड आधी येतं, मुंबईचं परळ आलंच तर तळटीपेत.

त्या काळचा सर्वसाधारण समज असा होता की कर्करोग हा सुधारलेल्या देशांचा, खाऊनपिऊन सुखी लोकांचा रोग आणि हिंदुस्थानात तो विरळा. हा समज पोसायला सरकारी दप्तरं होतीच. गावात माणूस मेला की चौकीदार कारण सांगणार आणि ते कारण बहुतेक वेळा ‘ताप’. विश्वनाथ आणि ग्रेवाल या दोघांनी तिसाच्या दशकात देशभरच्या इस्पितळांतल्या नोंदी चाळून दाखवलं की रोग इथेही भरपूर आहे, तो मोजला जात नाही इतकंच. सुट्या सुट्या गोष्टी आणखीही कळलेल्या होत्या. काश्मीरमध्ये फिरनच्या आत पोटाशी कांगडी धरणाऱ्यांच्या पोटाच्या कातडीचा कर्करोग मिशनच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता. त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन इस्पितळातून ऑर या डॉक्टरने १९३३ साली पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर लिहिलं होतं. पण ही त्या त्या गावची नवलाई म्हणून राहिली. एका जमातीला अमुक कर्करोग जास्त आणि दुसरीला कमी का, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असे : वंश वेगळा, रक्त वेगळं.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५चा, गोमंतक मराठा समाजातला. १९२३ साली लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एम.डी. झाले. परत आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिकवलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल इस्पितळ उघडलं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं, त्याचे ते पहिले संचालक. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचं अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद, पद्मभूषण, हे सगळं यथावकाश आलं. २९ ऑक्टोबर १९७८ला ते वारले. चरित्राचा हा भाग कुठल्याही कोशात सापडतो, म्हणून त्यात मी अधिक रेंगाळत नाही.

रेंगाळण्याजोगी जागा वेगळी आहे. पॅथॉलॉजिस्ट सहसा रोगी पाहत नाही. त्याच्याकडे येतो तो तुकडा : मेणात बसवलेला, केसाहून पातळ कापलेला, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून काचपट्टीवर चिकटवलेला. त्या काचपट्टीवर बिहारचा हमाल आणि काठेवाडचा पेढीवाला सारखेच दिसतात. पेशी बेबंद वाढल्या आहेत की नाहीत एवढं ती सांगते आणि गप्प बसते. खानोलकर तिथे थांबले नाहीत. टाटाला देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येत होती. कुणी कुठला, कुठल्या धर्माचा, काय नेसतो, काय चघळतो आणि ते तोंडात नेमकं कुठे ठेवतो, हे केसपेपरवर लिहिलं जाऊ लागलं आणि काचपट्टीशेजारी ठेवून वाचलं जाऊ लागलं. समाजशास्त्राच्या कुठल्या विभागात तेव्हा कुणी इतक्या बारकाईने विचारत नसेल की बाई, तुम्ही रात्री पान तोंडात ठेवून झोपता का, आणि डाव्या गालात की उजव्या?

आनुवंशिकतेला त्यांनी वाऱ्यावर सोडलं असंही नाही. उलट तिची परीक्षा घ्यायची तर मुंबईइतकं सोयीचं शहर शोधून सापडलं नसतं. शेजारीशेजारी राहणाऱ्या, एकाच नळाचं पाणी पिणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्नं करणाऱ्या जाती! त्यांचे सहकारी एल. डी. सांघवी यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांच्या सात आनुवंशिक लक्षणांची मोजणी केली. ती १९४९च्या सुमारास ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आली. मग १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांचा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधला निबंध आला. त्यात रोग्यांच्या जोडीला तो रोग नसलेली माणसं घेऊन दोघांच्या सवयी ताडून पाहिल्या होत्या. तंबाखू चघळणाऱ्याचा रोग तोंडाच्या पुढच्या भागात जास्त, ओढणाऱ्याचा मागे, जिभेच्या मुळाशी आणि घशाकडे जास्त. एकच वनस्पती, एकाच शहरातली माणसं, पण घ्यायची तऱ्हा बदलली की रोगाची जागा बदलते. रक्ताकडे बोट दाखवणाऱ्यांना यापुढे निदान आधी सवय विचारणं भाग पडलं.

इथे मला एक शंका नोंदवायची आहे, आणि ती या विषयावरच्या बऱ्याच लेखनाबद्दल आहे. वहिवाट म्हटली की ती माणसाने हौसेने पत्करलेली वाटते. टाटा इस्पितळ उभं राहिलं ते ऐन गिरणगावात. साच्यांजवळ कापसाचे तंतू उडत असताना बिडी पेटवायला कोण देणार? तिथे बार भरणंच शक्य होतं, आणि रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तो भरला जाई. मिश्रीचंही तसंच. तंबाखूची पानं तव्यावर काळी ठिक्कर होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरून चुलीजवळच्या फळीवर ठेवायची. सकाळी उठल्याबरोबर बोटाने दातांना लावायची. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगणाऱ्या बाया अजून गावोगाव भेटतील. मिश्रीने भूक मरते हे त्या सांगत नाहीत, कारण भूक मारायची गरज का पडते ते मग सांगावं लागेल. दात घासायचं साधन म्हणून घरात आलेली ही वस्तू दिवसातून चार-पाच वेळा, बाळंतपणातही, तोंडात जाते. याला सवय म्हणून सोडून दिलं की दोष बाईच्या पदरात पडतो आणि बाकीचे मोकळे होतात. खानोलकरांनी दोष दिलेला नाही, पण त्यांच्या निबंधांचा आधार घेऊन तो पुढे पुष्कळांनी दिला.

दुसरी अडचण गणिताची. इस्पितळात आलेल्या हजार रुग्णांवरून इस्पितळात कोण येतं ते कळतं. मुंबईत दर लाखाला किती जण आजारी पडतात ते कळत नाही. अंश हाती आहे, छेद नाही. तो छेद मिळवायचं काम दाराब जस्सावाला यांनी केलं. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू केली, ती देशातली पहिली. शहरातल्या प्रत्येक इस्पितळाच्या दप्तरातून आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींतून नावं गोळा करायची, एकाच रोग्याची दोनदा मोजणी होऊ द्यायची नाही, बाहेरगावहून उपचाराला आलेल्याला मुंबईकर समजायचं नाही. कंटाळवाणं, कारकुनी काम. पण त्यातून पारश्यांचं जे चित्र निघालं त्याने जगभरच्या संशोधकांचे डोळे उघडले. अग्नी पूज्य म्हणून धूम्रपान वर्ज्य. त्यामुळे पारश्यांत तोंड, घसा, फुप्फुस यांचे कर्करोग कमी. स्तनांचा कर्करोग मात्र शहरातल्या इतर कुठल्याही समाजापेक्षा जास्त. उशिरा लग्न, कमी मुलं, सुबत्ता ही कारणं पुढे आली. पण हा समाज आपापसांत लग्न करणारा आणि लहान, म्हणजे रक्ताचा मुद्दाही निकालात काढता येईना. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं उलटं : तो हिंदू बायकांत जास्त, मुसलमान आणि पारशी बायकांत कमी. यातली काही कोडी पुढे एचपीव्ही या विषाणूच्या शोधाने बरीच सुटली, काही अजून तशीच आहेत.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्यांत कमल रणदिवे यांचं नाव वाचकांना ओळखीचं असेल. पुण्याच्या समर्थांची ही मुलगी, हुजूरपागेची विद्यार्थिनी. १९४९ साली पीएच.डी., मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचं शिक्षण, आणि परत परळ. त्यांचं मुख्य काम उंदरांच्या स्तनकर्करोगावरचं. पण १९७६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखू या दोहोंची प्राण्यांवर वेगवेगळी परीक्षा घेतली, हे या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण सुपारी निर्दोष आणि सगळं पाप तंबाखूचं, असं मानायची आपल्याकडे पद्धत आहे. मंगलकार्यात पहिला मान सुपारीचा. तिच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही. मुंबईतल्याच एस. जी. जोशी यांनी पन्नासाच्या दशकात तोंड आखडत जाण्याच्या ज्या विकाराचं वर्णन केलं, त्याचं मूळ पुढे सुपारीतच निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूच्या विड्याला कर्करोगकारक ठरवलं. नुसत्या सुपारीवर तोच शिक्का बसायला २००४ साल उजाडलं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागायतदाराला हे ऐकवणं सोपं नाही, आणि त्याच्या पर्यायी पिकाचा विचार न करता ऐकवूही नये.

मुंबईपुरती मोजणी झाली, पण देश मुंबईत राहत नव्हता. १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग इस्पितळात ग्रामीण भागाची पहिली नोंदणी सुरू झाली : बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली गावं. शहरी पद्धत इथे लंगडी पडली. ज्या बाईने डॉक्टरचं तोंडच पाहिलं नाही तिचं नाव कुठल्या दप्तरात सापडणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जाऊ लागले. सरपंच, मास्तर, दाई, पारावर बसलेली म्हातारी माणसं यांना विचारायचं : कुणाची जखम भरत नाही का, कुणाला आवाज बसून महिना झाला का, पाळी गेलेल्या कुणा बाईच्या अंगावरून पुन्हा जातंय का? संशय आला की बार्शीला आणून तपासायचं. भगवान नेने आणि कस्तुरी जयंत यांच्या नेतृत्वाखालचं हे काम मी भारतीय वैद्यकातल्या सर्वांत सुंदर कामांपैकी एक मानतो.

त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, खेड्यातलं कर्करोगाचं प्रमाण मुंबईच्या मानाने बरंच कमी आहे. बायकांत गर्भाशयमुखाचा पहिला. दुसरी गोष्ट कुणी मागितलेली नव्हती. नुसत्या या येण्याजाण्याने, विचारपुशीने आणि लक्षणं सांगत फिरण्याने गर्भाशयमुखाच्या रोगी बायका आधीच्या अवस्थेत इस्पितळात येऊ लागल्या. यंत्र नवं आलं नव्हतं, औषध नवं नव्हतं. रोग तोच, गाव तेच. मधलं अंतर कमी झालं होतं. १९९५ साली हे आकड्यांनिशी छापून आलं, तेव्हा विषमतेच्या अभ्यासात एक नवा प्रश्न अधिकृतपणे शिरला : रोग कुणाला होतो याच्या जोडीने, तो झाल्यावर कोण केव्हा पोचतं.

बार्शीच्या याच पायावर शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका, गावांचे ५२ समूह, तपासणीच्या तीन पद्धतींचे तीन गट आणि चौथा गट नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेला. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना शिकवून व्हिनेगर लावून तपासणी केली गेली, तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जगातल्या गरीब देशांची धोरणं या आकड्यांवर बेतली गेली. पण चौथ्या गटातल्या बायकांचं काय, हा वाद तेव्हाही पेटला आणि अजून विझलेला नाही. तपासणी मिळाली नाही म्हणून त्या गटात बाया मेल्या. इतर गटांचा फायदा मोजला गेला तो त्यांच्या मृत्यूंशी तुलना करून. नेहमीच्या व्यवस्थेत तपासणी नव्हतीच, मग आम्ही काही हिरावून घेतलं नाही, हा संशोधकांचा युक्तिवाद. मला तो कायद्याने खरा आणि तरी अपुरा वाटतो. हे संशोधन नको होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

२०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये राजेश दीक्षित, प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या घराघरांत जाऊन शोधलेल्या मृत्यूंच्या कारणांचा हिशेब मांडला. २०१० या एका वर्षात कर्करोगाचे मृत्यू ५ लाख ५६ हजारांवर. त्यातला शिक्षणाचा तक्ता पाहण्यासारखा आहे : अजिबात न शिकलेल्यांत कर्करोगाने मरण्याचं प्रमाण माध्यमिक शाळा वा त्यापुढे शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक, पुरुषांत आणि बायकांतही. श्रीमंतांचा रोग म्हणून ज्याची ओळख करून दिली जात होती त्याचं खरं घर कुठे आहे ते या एका तक्त्यात उघड झालं. शाळा कर्करोग रोखत नाही. शाळेबरोबर जे येतं, पगाराची नोकरी, पक्कं घर, उशिरा लग्न, रजा काढून डॉक्टरकडे जायची सोय, आणि डॉक्टरने ‘पुढे जा’ म्हटल्यावर कुठे जायचं हे सांगणारा ओळखीचा माणूस, त्यातलं नेमकं काय किती वाचवतं हे सोडवून पाहणं, हे आजच्या संशोधकांपुढचं काम आहे.

त्याच २०१२च्या जुलैत महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली; गोव्याने त्याआधीच घातली होती. मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी विक्री सुरू झाली. गिऱ्हाईक दोन्ही फोडून एकत्र करतं. खानोलकरांच्या काळी वहिवाट आजीकडून नातीकडे, मुकादमाकडून कामगाराकडे जाई आणि तिला प्रांत असे, जात असे. पुडीला यातलं काही नाही. तिला वितरक आहे, जाहिरात आहे, शाळेच्या भिंतीपासून पन्नास पावलांवरची टपरी आहे. जुन्या पद्धतीने रोग्याची जात-भाषा विचारून या सवयीचा माग लागायचा नाही, आणि कंपनीच्या विक्रीचे आकडे केसपेपरवर कुणी लिहीत नाही.

पुढची प्रकरणं काळाच्या क्रमाने लावलेली आहेत आणि पहिली दोन, प्रयोगशाळेच्या तपशिलांमुळे, थोडी जड आहेत. ज्यांना तिथे अडखळायला होईल त्यांनी खुशाल बार्शीचं प्रकरण आधी काढावं. तालुक्याच्या एसटीतून उतरून गावात शिरणारे ते कार्यकर्ते पहिला प्रश्न कुणाला आणि कशा शब्दांत विचारत, हे तिथे सविस्तर आलं आहे. ते वाचल्यावर १९४४च्या त्या हजार केसपेपरांकडे परतलं तर काचपट्टीशेजारी काय लिहिलंय ते वाचायला सोपं जाईल.